माप म्हणून ठेवलेलं रक्त

दर सोमवारी सकाळी आठ वाजता ताई कोटाची डावी बाही कोपराच्या वर सारायची आणि हात पुढे करायची. चोवीस वर्षं हा शिरस्ता होता. समोरच्या शिकाऊ पोरीने निळ्या टोपणाच्या दोन ट्यूब भरायच्या, ताईने कोपर मिटून कापूस धरायचा आणि दुसऱ्या हाताने दिवसाची यादी वाचायला घ्यायची. तिची शीर म्हणजे हमरस्ता. नव्या पोरींना पहिली सुई तिच्याच हातावर टोचायला देत. लॅबमध्ये सगळे तिला ताईच म्हणत, तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा असलेला शिपाईसुद्धा.

हे रक्त तपासायला नसायचं. माप म्हणून ठेवायला असायचं. पेशंटचं रक्त अमुक सेकंदांत गोठलं, या नुसत्या आकड्याला काही अर्थ नसतो. त्याच सकाळी, त्याच औषधाने, त्याच उबेत एखाद्या निरोगी माणसाचं रक्त किती वेळात गोठतं ते शेजारी ठेवावं लागतं. त्या निरोगी रक्ताला कंट्रोल म्हणतात. पुस्तकात लिहिलं आहे की वीस निरोगी माणसांचं रक्त एकत्र करून कंट्रोल तयार करावा. पुस्तक लिहिणाऱ्याच्या लॅबमध्ये वीस माणसं असतील. इथे होती पाच. त्यातल्या एकाला रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू होत्या, एकीला स्वतःच्या हातातली सुई चालायची पण स्वतःच्या हाताला नाही, एक नोकरी सोडून गेला आणि एक सोमवारी कधी वेळेवर आलाच नाही. विसाचे पाच आणि पाचाची एकटी ताई कधी झाली, हे विचारलं असतं तर कुणालाच सांगता आलं नसतं. पण अडलं कुठेच नाही. ताई कधी आजारी पडायची नाही. रोजच्या तपासण्यांत तिचं रक्त ठरल्या सेकंदाला गोठायचं, आणि लॅबचे सर म्हणायचे की घड्याळ चुकेल, ताई चुकणार नाही.

धाकटी यावरून तिची फिरकी घ्यायची. "आमच्या ताईचं रक्त म्हणजे दुकानातलं शिक्क्याचं वजन," असं ती कुणालाही सांगायची. "आख्खं गाव हिच्यावर तोलतात."

धाकटी म्हणजे ताईची दहा वर्षांनी लहान बहीण. दोघींची आई एकेचाळिसाव्या वर्षी सकाळी वेणी घालता घालता कोसळली आणि दुपारपर्यंत संपली. झटका आला, एवढंच तेव्हा कळलं. ताई अठरा वर्षांची होती, धाकटी आठ. अर्धी राहिलेली ती वेणी धाकटीची होती. ती ताईने पुरी केली, आणि मग पुढची सात-आठ वर्षं रोज घातली. शाळेच्या कागदावर पालक म्हणून सही ताईची, तापात कपाळावर पट्टी ताईची, धपाटा ताईचा. लग्नाचं वय आलं आणि निघून गेलं. त्याबद्दल ताई कधी काही बोलली नाही, आणि खरं सांगायचं तर तिला फारसं वाईटही वाटलं नसावं. धाकटीचं लग्न झाल्यावर तिने दोन गल्ल्या सोडून खोली घेतली. दर बुधवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी असायची, ती धाकटीच्या घरी.

धाकटी लोकांना गाडी चालवायला शिकवायची. तोंडाचा पट्टा असा की शिकणाऱ्याला हॉर्न वाजवायची गरज पडू नये. तिच्या बाजूलाही एक जादा ब्रेक होता आणि डावा पाय कायम त्यावर. सवय इतकी की ताईबरोबर बसमधून जातानाही समोर कुणी आडवं आलं की हिचा पाय खाली दाबला जायचा. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्यांच्या स्वतःच्या इमारतीत मात्र लिफ्ट नव्हती, आणि या गोष्टीवर त्या घरात रोज एक तरी विनोद व्हायचा. दोघंच होते, मजेत होते.

मग धाकटीला पाळीचा त्रास सुरू झाला. दहा-दहा दिवस रक्त जायचं. दिवसभर गाडीत बसायचं काम, उठायची सोय नाही. डॉक्टरबाईंनी हार्मोनच्या गोळ्या लिहिल्या, पण आधी विचारलं, घरात कुणाला कमी वयात झटका, गुठळी असं काही? आईचं कळल्यावर त्या थांबल्या. म्हणाल्या, रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी पाचव्या घटकात काही घराण्यांत जन्मतःच एक बारीकसा बदल असतो. एरवी बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. पण त्यावर या गोळ्या पडल्या तर गुठळीचा धोका कितीतरी पटीने वाढतो. तेवढी एक तपासणी करून या, मग गोळ्या सुरू करू.

"बाहेर कशाला देतेस रक्त?" ताई म्हणाली. "माझ्याकडे ये."

"तू टोचणार असशील तर येते. तुझ्या त्या पोरी हाताची चाळण करतील."

तपासणी लॅबमध्ये नवीनच आली होती. रक्त गोठायला लागलं की कुठे थांबायचं हे सांगणारं एक प्रथिन शरीरात असतं. ते वरून घातलं की निरोगी माणसाचं रक्त गोठायला दुपटीहून जास्त वेळ घेतं. ज्याचा पाचवा घटक बदललेला, तो या प्रथिनाला दाद देत नाही, आणि वेळ फारशी वाढत नाही. पेशंटची वाढ किती पट, त्याला कंट्रोलच्या वाढीने भागायचं. एकाच्या आसपास आलं की निरोगी. किटबरोबर कंपनीची कंट्रोलची कुपी आली होती, ती पहिल्याच महिन्यात संपली. नवी मागवली, ती येईना. सर म्हणाले, "आपला आहे ना?" होता. ताई होती.

धाकटीचा आकडा आला एक पूर्णांक शून्य. मशीनमधून कागदाची पट्टी बाहेर आली ती ताईने तिथेच फाडून तिच्या हातात दिली.

"म्हणजे काय?"

"म्हणजे ठीक आहेस. अगदी माझ्यासारखी."

"मग मरण नाही मला," धाकटी म्हणाली. "तू तर दगड आहेस."

आठ महिने गोळ्या चालल्या आणि त्रास थांबला. आठव्या महिन्यात डोकं दुखायला लागलं. तीन दिवस दुखलं. उन्हाने असेल, चष्म्याने असेल, असं म्हणत ती कामावर गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी एक नवखी बाई गाडी चालवत होती. तिने चौकात चुकीच्या गिअरमध्ये गाडी घातली आणि मॅडम ओरडल्या नाहीत. बाईने गाडी थांबवली ती याच कारणाने. मॅडम ओरडत कशा नाहीत म्हणून तिने वळून पाहिलं, तर मॅडमचं तोंड वाकडं झालं होतं आणि उजवा हात मांडीवरून खाली लोंबत होता. अँब्युलन्समध्ये ताई शेजारी बसली होती. वळणावर धाकटीचा डावा पाय चादरीखाली दाबला गेला, ते तिने पाहिलं.

मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी झाली होती. जीव वाचला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. सगळं गेलं नाही. एक शब्द राहिला, "हो". पाणी हवं का, हो. दुखतंय का, हो. मी कोण, हो. जिच्या बडबडीने समोरचा घायकुतीला यायचा, तिच्याकडे आता एवढंच उरलं होतं.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी जनुकाची तपासणी केली. ती थेट मूळच वाचते, तिला शेजारी कुणाचं माप लागत नाही. पाचव्या घटकात बदल निघाला. डॉक्टर तरुण होत्या, घाईत होत्या, पण समजावून सांगायच्या.

"आधीची टेस्ट नॉर्मल कशी आली कळत नाही," त्या कागद उलटत म्हणाल्या. "असं सहसा होत नाही. तुमच्याच लॅबमध्ये झाली ना? कंट्रोल कुठला होता?"

"आमचा," ताई म्हणाली.

"बरं. तुम्ही सख्ख्या बहिणी ना? तुमचंही रक्त देऊन जा. असायची शक्यता निम्मी."

ताईने बाही वर केली. तिथल्या मुलीने तिची शीर पाहून कौतुक केलं.

तिला तेव्हाच कळलं होतं. कागद गुरुवारी आला, पण कळलं होतं त्या खुर्चीतच. मापच खोटं असलं तर खोटा माल बरोबर भरतो, हे कळायला चोवीस वर्षांचा अनुभव लागत नाही. शुक्रवारी तिने लॅबचं रजिस्टर काढलं. कंपनीची कुपी नव्हती त्या काळात ही तपासणी नऊ जणांची झाली होती. सात जणांचे आकडे एक पूर्णांक चार, एक पूर्णांक पाच असे होते. तेव्हा त्यावर थट्टा झाली होती, चांगलंच धडधाकट गाव आहे म्हणून. वर्गातल्या सगळ्यांना शंभरपैकी एकशेचाळीस मार्क मिळाले तर मास्तरांनी पेपर बघायला हवा, हे कुणाला सुचलं नाही. जास्त आलं की तक्रार कोण करतो? एकावर फक्त दोघी होत्या. एक धाकटी, आणि एक कुणी अनोळखी बाई.

ताई रजिस्टर घेऊन सरांच्या खोलीत गेली आणि बोट ठेवून एकेक ओळ दाखवली. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चूक माझी आहे ताई. मी म्हटलं वापरा."

"रक्त माझं होतं, सर."

सरांनी आडपडदा ठेवला नाही. आठही जणांना स्वतः फोन करून चूक सांगून परत बोलावलं. नवी कुपी आली होती. ताईनेच तपासण्या केल्या. सात जण खरोखर निरोगी होते. त्या अनोळखी बाईत दोष निघाला. तीही गोळ्या घेत होती, त्या त्याच दिवशी बंद झाल्या. जाताना तिने ताईचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून वाचले." ताई म्हणाली, "जपून जा, पायरी निसरडी आहे."

तिला वाटलं होतं की आता रडू येईल. आलं नाही. रात्री झोप लागायची, सकाळी भूक लागायची. ट्यूबवर नावं चिकटवताना एकही चुकत नव्हतं. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तशी ती चालत-बोलत होती. आपल्याला काहीच वाटत नाही, याचीच तिला लाज वाटायची, आणि ती लाजसुद्धा वरवरची असायची. सोमवारी आठ वाजता हात आपोआप कोटाच्या बाहीकडे जायचा. शिकाऊ पोरगी खाली बघायची. ताई बाही परत खाली ओढायची.

लॅबमध्ये सगळ्यांना कळलं होतं. धाकटीच्या घरी मात्र कुणालाच माहीत नव्हतं. सर म्हणाले होते, "तिथे मी येऊन सांगतो." ताई म्हणाली, "माझ्या घरचं मी सांगते." आणि चार महिने तिने सांगितलं नाही.

संधी मिळाली नाही, असं ती स्वतःला सांगायची. ते खोटं होतं. संधी दर बुधवारी मिळायची. धाकटीचा नवरा कामावरून यायचा, बायकोजवळ बसायचा, आणि कुणी विचारपूस करायला आलं की हमखास म्हणायचा, "आम्ही तर आधी टेस्टसुद्धा केली होती हो. ताईंनी स्वतः केली. नॉर्मल आली. आता याच्यापुढे माणूस काय करणार? नशीब." ताई शेजारी बसून धाकटीच्या बोटांना तेल चोळत असायची. एकदा ती म्हणाली, "ऐका, त्या टेस्टचं..." त्याने वळून पाहिलं. त्याच्या डोळ्यांत इतका विश्वास होता की ती म्हणाली, "त्या टेस्टचा कागद जपून ठेवा." भित्रेपणाच होता तो, दुसरं नाव नाही त्याला. त्याने दार लावलं असतं तर तिला जगात जायला दुसरं घर नव्हतं.

बोलायला शिकवणारी एक बाई आठवड्यातून दोनदा यायची. घरात तिला स्पीचवाली म्हणत. तिने एक वही दिली होती, आखलेली: शब्द, वेळ, कशावर. "नवा शब्द आला की लगेच लिहायचा. जवळ जो असेल त्याने," ती बजावायची. "आणि कशावर आला ते नीट, पूर्ण लिहा. शब्द असाच तोंडातून सुटला की विचार करून आला, ते मला त्यावरूनच कळतं." वही खिडकीशी, शिकवणीच्या गाडीवरच्या जुन्या पाटीला टेकून असायची. पहिल्या चार पानांवर "हो"च होतं. नंतर लिहिणंच थांबलं. नवरा मात्र रोज घरी आला की बूटही न काढता आधी वही उघडून बघायचा.

"तुला 'नाही' म्हणता आलं ना, की अर्धी लढाई जिंकलो," स्पीचवाली धाकटीला म्हणायची. "हो कुणीही म्हणतं. नाही म्हणायला डोकं लागतं." आणि मग मुद्दाम उलटसुलट विचारायची, तुम्ही पुरुष आहात का? हा हत्ती आहे का? धाकटी हसून म्हणायची, हो.

त्या बुधवारी ताई दुपारीच आली. धाकटी खिडकीपाशी खुर्चीत होती. खालून एक शिकाऊ गाडी गचके देत गेली आणि तिचा डावा पाय फरशीवर दाबला गेला. ताईने तिचे केस मोकळे केले आणि मागे स्टुलावर बसून वेणी घालायला घेतली. चेहरा दिसत नव्हता म्हणून असेल, किंवा इतके दिवस तोंडात धरून जीभ दमली म्हणून असेल, ती बोलायला लागली. रिपोर्ट वाचून दाखवावा अशा आवाजात बोलली.

"तुझी ती टेस्ट चुकली होती. कंट्रोल माझा होता. मला तोच दोष आहे जो तुला आहे. आईकडून आला. मी तुला माझ्याशी मोजलं, म्हणून तू बरोबर भरलीस. आकडा बघून मला कळायला हवं होतं. बाहेर देत होतीस रक्त, मीच नको म्हटलं. बाहेर दिलं असतंस तर गोळ्या सुरूच झाल्या नसत्या."

ताईने एक पेड ओढून घट्ट केला.

"कळलं का मी काय म्हणाले?"

"हो."

"चार महिने माहीत आहे मला. सांगितलं नाही. राग आला?"

"हो."

"नाही आला?"

"हो."

ताईला हे माहीतच होतं. या घरात कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर होतं, आणि मनाच्या तळाशी कुठेतरी तिने त्याचाच आधार घेतला होता. तिने वेणीला शेवटचा पेड घातला, रबर लावलं, स्टूल पुढे आणून धाकटीच्या समोर बसली. आणि ज्याचं उत्तर ठरलेलं होतं तो प्रश्न तिने विचारला.

"मला माफ करशील?"

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. चांगली बाजू हलली, दुसरी हलली नाही. गळ्याची शीर ताठ झाली. शब्द बाहेर यायला इतका वेळ लागला की ताईने नकळत भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पाहिला.

"ना... ही."

धाकटीने पुन्हा म्हटलं, या वेळी सलग, आणि मान हलवून. "नाही."

आधी ताईला आनंद झाला. खरंच झाला, शब्द आला होता, नवा, विचार करून आलेला. आणि मग चार महिन्यांत पहिल्यांदा तिला दुखलं. सुईचा परिणाम उतरल्यावर दुखतं तसं, एकदम आणि सगळीकडे. ती तोंडावर हात धरून रडली, मोठ्याने, आई गेली तेव्हा धाकटी रडली होती तशी. धाकटी तिच्याकडे बघत होती. तिने हात पुढे केला नाही. नजरही काढली नाही.

थोड्या वेळाने ताईने पदराने चेहरा पुसला आणि वही घेतली. धाकटीच्या नवऱ्याची यायची वेळ झाली होती. "शब्द"खाली तिने लिहिलं, नाही. "वेळ"खाली, पाच वाजून वीस मिनिटं, दोनदा. मग पेन थांबलं. "काहीतरी विचारल्यावर" असं लिहिता आलं असतं. "चहा हवा का" असंही. स्पीचवाली पेढे वाटत नाचली असती, आणि नवऱ्याने ताईलाच धन्यवाद दिले असते.

ताईने लिहिलं: "तिची टेस्ट मी माझ्या रक्ताशी लावून नॉर्मल ठरवली. माझ्यात तोच दोष आहे. चार महिन्यांपूर्वी कळलं, तुम्हाला सांगितलं नाही. आज तिला सांगितलं, आणि मला माफ करशील का असं विचारलं. त्यावर."

रकाना अरुंद होता, अक्षरं खालच्या तीन ओळींत उतरली. तिने वही नेहमीच्या जागी पाटीला टेकवून ठेवली, उघडी. जिन्यात बुटांचा आवाज आला. ताई स्टुलावरून उठली नाही.